राजीनाम्याची कैफियत

कचेरीतील कायमची नोकरी सोडून अभिनयाच्या व्यवसायात पडण्याचा निश्चय कोणी बोलून दाखविला, की घरातील वडीलधाऱ्यांपासून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी एकच उपदेश येतो, आणि तो असा की, नोकरी सांभाळून नाटक कर. हा उपदेश मायेपोटी केलेला असतो याविषयी मला शंका नाही. परंतु माया आणि युक्तिवाद या दोन वस्तू भिन्न असल्यामुळे, उपदेशकाच्या हेतूची शुद्धता मान्य करूनही त्याच्या म्हणण्याची परीक्षा करण्याचा अधिकार उरतोच. नाटक्या म्हणून नटाला हिणविणारा जुना विरोध आता जवळजवळ संपला आहे आणि त्याच्या खंडनात शाई खर्चण्याचे कारण नाही. आजचा हा सौम्य विरोध मात्र त्याहून बलवान आहे, कारण तो नाटक सोड असे म्हणत नाही, ते कचेरी सुटल्यावर कर एवढेच म्हणतो. आणि असे म्हणताना, अभिनय हे फावल्या वेळात उरकण्यासारखे काम आहे, असे एक गृहीत नकळत आपल्या गळी उतरवितो. मला हे गृहीतच अमान्य आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीने जे जे नवे पाहिले त्याचा फार मोठा भाग पगारदार माणसांनी संध्याकाळच्या वेळात निर्माण केला, ही वस्तुस्थिती आहे. पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, मुंबईची रंगायन, पुढे थिएटर अकादमी, या संस्थांच्या कलावंतांत प्राध्यापक होते, डॉक्टर होते, बँकांतून आणि सरकारी दफ्तरांतून मान मोडून काम करणारे कारकून होते. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा अशाच माणसांच्या बळावर गावोगाव रुजली. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीस होते. अमरीश पुरी यांनी कर्मचारी राज्य विमा निगमात सुमारे दोन दशके नोकरी केली आणि त्याच काळात सत्यदेव दुबे यांच्या नाटकांतून आपले नाव केले. डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचाराचा व्यवसाय आणि अध्यापन न सोडता १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस वर्षानुवर्षे उभा केला. एवढे दाखले हाती असताना प्रतिपक्षाने विचारावे की, यांना जे साधले ते तुमच्या मुलाला का साधू नये?

याचे उत्तर असे की, हे दाखले जे सिद्ध करितात ते कोणी नाकारलेलेच नाही. नोकरदार मनुष्य उत्तम अभिनय करू शकतो, हे उघड आहे. वादाचा मुद्दा, नोकरी आणि अभिनयाचा व्यवसाय या दोहोंना एका देहात जागा आहे काय, हा आहे. हौशी संस्थेतील सर्वच जण नोकरदार असल्यामुळे तिचे वेळापत्रक त्यांच्या रजांच्या बेताने आखले जाई. तालमी रात्री, प्रयोग शनिवार-रविवारी, आणि प्रमुख नटाची बदली झाली की नाटक बंद. या मर्यादेत त्या संस्थांनी जे काम केले त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण नाटक हे ज्यांच्या उदरनिर्वाहाचे साधन आहे, त्यांना बुधवारी परभणीस आणि गुरुवारी नांदेडास प्रयोग असला तर तेथे जावेच लागते, आणि त्या दोन्ही दिवशी कचेरीत हजेरीपटावर सही करणारा हात दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. पालेकर आणि पुरी यांची उदाहरणे देणाऱ्यांनी ती अर्धीच सांगून थांबू नये. व्यवसायाने त्यांचा दिवस मागितला तेव्हा त्या दोघांनीही नोकरी सोडली.

फावल्या वेळाचा हा नट जवळून पाहावा. बँकेच्या काउंटरवर दिवसभर शेकडो माणसांशी बोलून बोलून त्याचा गळा साडेपाचलाच बसलेला असतो. चर्चगेटहून दादरपर्यंत गर्दीत उभ्याने प्रवास करून तो महानगरपालिकेच्या शाळेतील एका वर्गात पोहोचतो. बाके भिंतीला सारून मधली जागा मोकळी केलेली असते, फळ्यावर सकाळच्या इयत्तेचे गणित अद्याप पुसलेले नसते, आणि खिडकीत एका ओळीने ठेवलेल्या डब्यांच्या पिशव्या आज कोण कोण थेट कामावरून आले आहे याची साक्ष देत असतात. साडेसातला सुरू व्हावयाची तालीम, कोणाची लोकल चुकली म्हणून, सव्वाआठला सुरू होते. दहाला शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवीत दाराशी येतो. या पावणेदोन तासांत शब्द पाठ होतात, हालचाली ठरतात, एखादा प्रवेश दोनदा होतो. पण तोच प्रवेश दहा वेळा करून दहाव्या वेळी जे सापडावयाचे असते, ते सापडण्यापूर्वीच दिवे मालविले जातात. आवाजाची साधना पहाटे करावयाची म्हटली तर सहा-चाळीसची गाडी आड येते. वाचन रविवारी, व्यायाम सुट्टीत, आणि इतरांची नाटके पाहणे, जे नटाचे खरे विद्यालय, ते तर रजेच्या अर्जावर अवलंबून. किरकोळ रजा संपल्या, अर्जित रजा दौऱ्यात खर्ची पडली, मग वैद्यकीय दाखला आणून रजा मागण्याची पाळी येते. आणि जो मनुष्य स्वभावतः सरळ आहे त्याला आपल्या कलेपायी साहेबांसमोर आजारी असल्याचे सोंग आणावे लागते. इतके करूनही कचेरीत त्याचे लक्ष नाही म्हणून बढती हुकते, ती हुकतेच. ज्या तडजोडीला शहाणपण म्हणून गौरविले जाते तिचा रोजचा व्यवहार हा असा आहे.

शिवाय हे शहाणपण सनातनही नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्यानंतरची सुमारे नव्वद वर्षे मराठी नट हा मंडळीचा नट होता. किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बळवंत अशा मंडळ्यांच्या बिऱ्हाडी तो राही, तेथेच जेवी, तेथेच त्याच्या तालमी होत, आणि नेमलेला तनखा त्याच्या हाती पडे. त्या व्यवस्थेत जुलूम होता, कर्ज होते, बालनटांची आबाळ होती, हे सर्व खरे. पण अभिनय फावल्या वेळात करावयाचा असतो ही कल्पना त्या काळच्या नटाला कोणी सांगितली असती तर ती त्याला समजलीही नसती. मग १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि बोलपटाच्या लोंढ्यात मंडळ्या एकामागून एक कोसळल्या. खुद्द बालगंधर्वांना १९३५ साली 'धर्मात्मा'साठी प्रभातच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. तनखा गेला, बिऱ्हाड मोडले, आणि नाटकावर प्रेम करणाऱ्या पुढच्या पिढीला पोटासाठी कचेरीचा उंबरा चढणे भाग पडले. नोकरी सांभाळून नाटक, हा संकेत त्या पडझडीतून जन्मला. आपत्काली केलेली सोय पुढे रूढ झाली आणि रूढ झाली म्हणून तिला तत्त्वाची प्रतिष्ठा मिळाली. आमच्या वडिलांनी ती परिस्थितीपुढे मान तुकवून स्वीकारली होती, हे आम्ही विसरलो.

सरकारी कायद्याने हा फरक जितका स्पष्ट ओळखला आहे तितका आमच्या घरांनी ओळखलेला नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पंधराव्या नियमान्वये सरकारी नोकराला मंजुरीवाचून खाजगी व्यापार वा नोकरी करता येत नाही. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचे प्रासंगिक काम तेवढे, कर्तव्यात बाध न येईल अशा बेताने, करण्यास मुभा आहे. म्हणजे स्नेहसंमेलनातील वा स्पर्धेतील नाटक खुशाल करा, पण त्याचा धंदा करावयाचा तर कचेरीचा आणि तुमचा संबंध राहणार नाही, असे सरकार सांगते. या नियमात मला काही अन्याय दिसत नाही. पूर्ण पगार घेणाऱ्याने पूर्ण दिवस द्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. माझे म्हणणे इतकेच की, तीच अपेक्षा करण्याचा अधिकार रंगभूमीलाही आहे.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे: घरातील माणसांनी खावे काय? येथे कलेची महती गाऊन सुटका करून घेणारे लोक मला आवडत नाहीत. दर प्रयोगाला मिळणारे मानधन, ज्याला व्यवसायात 'नाईट' म्हणतात, ते प्रयोग झाला तरच मिळते. पावसाळ्यात, परीक्षांच्या हंगामात, निवडणुकीच्या धामधुमीत प्रयोग कमी होतात आणि नाईटही थांबते. मालिकेत काम मिळाले तर पैसा अधिक, पण तो बहुधा तीन महिन्यांनी हातात पडतो आणि कथानकात तुमचे पात्र मेले की उत्पन्नही त्याच दिवशी संपते. पेन्शनच्या जुन्या नियमांखालील सरकारी नोकराने राजीनामा दिला तर मागील सेवा जप्त होते. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पुरी करून स्वेच्छानिवृत्ती घेतली तर मात्र निवृत्तिवेतन पदरी राहते. हा तपशील रुक्ष वाटेल, पण राजीनामा लिहावयास बसलेल्याने तो पाठ केलेला असावा. आणि या हिशेबात एक रकम नेहमी गाळली जाते. कित्येक नटांची उमेदीची वर्षे त्यांच्या पत्नीच्या पगारावर निघाली आहेत. शाळेतील, टपाल कचेरीतील, इस्पितळातील नोकरी करून तिने घर चालविले, मुलांच्या फिया भरल्या, आणि पुढे सत्कारसमारंभात तिला एका नारळावर आणि 'समर्थ साथ' या दोन शब्दांवर निकालात काढण्यात आले. तिला आधी विचारले होते काय? जिच्या किंवा ज्याच्या वेतनावर हा प्रयोग चालावयाचा, त्या व्यक्तीची स्पष्ट संमती आणि तिने ठरविलेली मुदत यांवाचून दिलेला राजीनामा मी समर्थनीय मानीत नाही. अंगावर कर्ज आणि घरात दुखणेकरी आईबाप असतील, तर थांबणे हेच कर्तव्य होय.

पण घरातील अडचण आणि घरातील भय यांत भेद केला पाहिजे. पुष्कळदा अडचण मुळीच नसते. वडिलांना निवृत्तिवेतन असते, घर स्वतःचे असते, आणि तरीही चारचौघांत मुलगा काय करतो म्हणून सांगावे, एवढ्या एका प्रश्नासाठी त्याने अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत फायली पुढे सरकवाव्या अशी अपेक्षा असते. या अपेक्षेला कर्तव्याचे नाव देणे मला मान्य नाही.

मंडनासाठी मी डॉ. श्रीराम लागू यांचे नाव घेतो, पण ते नेहमीच्या रीतीने नव्हे. नाक-कान-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचे ठरविले आणि पुढल्याच वर्षी 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर रंगभूमीवर आणला. लागूंना जमले, तुलाही जमेल, असा यातून निष्कर्ष काढणे ही फसवणूक आहे, कारण न जमलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. शिवाय शल्यविशारदाला आपल्या विद्येकडे परत फिरता येते, कारकुनाची खुर्ची महिन्याभरात दुसऱ्याने भरलेली असते. मला त्या उदाहरणातील आधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. विद्यार्थिदशेपासून त्यांनी नाटके केली होती, भालबा केळकरांसारख्या सहकाऱ्यांबरोबर संस्था चालविली होती, परदेशी शिक्षण आणि आफ्रिकेतील वैद्यकी या काळातही ती ओढ सुटली नव्हती. म्हणजे त्यांचा निर्णय वैतागाचा नव्हता, परीक्षा होऊन गेलेल्या निष्ठेचा होता. साहेबाचा जाच, बदलीचा हुकूम, कंटाळा, या कारणांनी नोकरी सोडणाऱ्याने दुसरी नोकरी शोधावी. रंगभूमी त्याला आसरा देणार नाही. ज्याच्या कामाची वाखाणणी स्वतःच्या कचेरीच्या स्नेहसंमेलनाबाहेर, परक्या गावातील परक्या प्रेक्षकाने वा कठोर दिग्दर्शकाने अद्याप केलेली नाही, त्यानेही घाई करू नये. फावला वेळ हा उमेदवारीसाठी योग्य आहे, आणि तेवढ्यापुरता मी पूर्वपक्षाशी सहमत आहे. उमेदवारी पुरी झाल्यावरही तेथेच राहण्याचा आग्रह धरणे, हे मात्र कलावंताचे आणि कचेरीचे, दोघांचेही नुकसान आहे.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. ज्यांच्या सहीने रजा मंजूर होतात अशा अधिकाऱ्यांनी, नियमांत बसेल तेथे, अशा होतकरू माणसाला वर्ष-दोन वर्षांची बिनपगारी रजा द्यावी आणि त्याची जागा तोवर राखावी. उच्च शिक्षणासाठी ही सवलत देण्यास आपण कचरत नाही, मग रंगभूमीसाठी का कचरावे? आणि ज्या आईवडिलांच्या हाती आज मुलाने किंवा मुलीने राजीनाम्याचा मसुदा वाचावयास दिला असेल, त्यांनी लोक काय म्हणतील हे न विचारता पुढील अठरा महिन्यांचा घरखर्च कोठून येणार, तो कोण देणार आणि त्याला हे मान्य आहे काय, एवढेच विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील, तर तो कागद अडवून ठेवू नये.