रुग्णाची माहिती आणि दाराचे कुलूप

अमेरिकेत शिकागोलगतच्या पार्क रिज या गावी ‘ॲडव्होकेट’ या मोठ्या वैद्यकीय संस्थेच्या प्रशासकीय कचेरीत 2013 सालच्या जुलै महिन्यात चोरी झाली. चोरांनी नेले ते चार संगणक. बाजारात त्यांना किरकोळच किंमत आली असती. परंतु त्यांत सुमारे 40 लाख रुग्णांची माहिती साठवलेली होती. संगणकांना परवलीचा शब्द होता, आतील माहिती मात्र सांकेतिक लिपीत बंदिस्त केलेली नव्हती. या आणि त्याच वर्षीच्या अन्य प्रकरणांबद्दल संस्थेला 2016 साली 55 लाख 50 हजार डॉलर भरून सरकारशी तडजोड करावी लागली.

रुग्णांच्या माहितीची चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दूरदेशी बसून तारांवाटे घुसणारा कोणी चाणाक्ष भामटा उभा राहतो. असे हल्ले होतात, हे खरेच. 2022 सालच्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक ठप्प झाले आणि डॉक्टरांना पुन्हा कागद-पेन हाती घ्यावे लागले. परंतु या एकाच भीतीने मन व्यापल्यामुळे उघड्या दाराकडे दुर्लक्ष होते. माहिती अदृश्य असली तरी ती ज्या पेटीत राहते ती पेटी लोखंडाची असते, टेबलाखाली धूळ खात पडलेली असते, आणि दोन हातांनी उचलून नेता येते.

इंग्लंडमधील ब्रायटन येथील प्रकरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या सुमारे एक हजार हार्ड डिस्क 2010 साली नष्ट करावयाच्या होत्या. त्या कुलूपबंद खोलीत ठेवल्या होत्या. नष्ट करण्याचे काम उपकंत्राटाच्या साखळीतून आलेल्या एका इसमाकडे गेले, आणि त्यांतील किमान 252 डिस्क लिलावात विकल्या गेल्या. त्यांत एचआयव्ही आणि गुप्तरोग विभागातील रुग्णांच्या नोंदीही होत्या. 2012 साली रुग्णालयाला 3 लाख 25 हजार पौंडांचा दंड झाला. सरे परगण्यात तर जुने संगणक ‘फुकट’ नष्ट करून देणारी कंपनीच मिळाली होती. तिची अट एवढीच की सुटे भाग विकण्याची मुभा तिला असावी. हजारो रुग्णांच्या नोंदी असलेला एक संगणक त्या वाटेने बाजारात पोहोचला. फुकटाची ही किंमत 2013 साली 2 लाख पौंडांच्या दंडात निघाली.

या दोन्ही घटनांत कुलूप मोडले गेलेले नाही. कुलपाची किल्लीच कंत्राटाबरोबर दिली गेली होती. खर्च वाचविण्यासाठी काम एका हातून दुसऱ्या हाती आणि तेथून तिसऱ्या हाती सोपविले की जबाबदारीही तशीच झिरपत जाते, आणि शेवटच्या हातात तिचा थेंबही उरत नाही.

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणे भाग आहे. संगणकावरील नोंद ‘पुसली’ म्हणजे ती नाहीशी होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसे ते आहे. डिस्कवर नव्याने लिहून जुने झाकावे लागते, किंवा ती चुंबकाने निकामी करावी अथवा तिचा चुराडा करावा लागतो. नव्या पद्धतीच्या चुंबकरहित डिस्कवर तर चुंबकाचा उपयोगच नाही, आणि वरून लिहिण्याचाही पुरता भरवसा नाही; म्हणून तेथे माहिती मुळातच सांकेतिक रूपात साठविणे अगत्याचे ठरते. मोठ्या छायाप्रती यंत्रांच्या पोटातही डिस्क असते, हे तर अनेक दवाखान्यांच्या गावीही नसते.

आपल्याकडे जुना संगणक भंगारवाल्याकडे जातो आणि तेथून दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत, जिथे माणसे हातमोज्यांशिवाय यंत्रे फोडून तांबे वेगळे करतात. त्या कामगाराला डिस्कवरील नोंदींशी काही कर्तव्य नसते. त्याला तिच्यातील धातूचे दोन पैसे हवे असतात. चालू स्थितीतील डिस्क वेगळी काढून विकणारा व्यापारी त्याच्या वरच्या पायरीवर असतो.

अमेरिकेचा 2003 सालचा नियम या बाबतीत नेमका आहे. इमारतीत कोणाला प्रवेश, संगणक कोठे व कसा ठेवावा, त्याच्यापाशी कोणी बसावे, डिस्क टाकून देताना किंवा पुन्हा वापरताना काय करावे, हे सारे त्यात स्वतंत्रपणे सांगितले असून एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही ते लागू होते. आपल्या 2023 सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ‘वाजवी’ खबरदारी मागितली आहे. 2025 सालच्या नियमांनी सांकेतिकीकरण, प्रवेशावर नियंत्रण, वापराच्या नोंदी आणि जादा प्रती यांचा उल्लेख केला. खोली, दार आणि टाकाऊ डिस्क यांचा नावानिशी उल्लेख मात्र नाही. रास्त भावाच्या दुकानावर निदान दराची पाटी असते. येथील ‘वाजवी’पणाला तीही नाही.

याहून गंभीर गोष्ट दंडाची. खबरदारीत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचा आजार गावभर झाला त्या रुग्णाच्या हाती काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 43-अ हे कलम त्याला नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग देत होते; नवा कायदा पूर्णपणे अमलात येताच ते कलम गळून पडणार आहे. शिवाय 2011 सालच्या नियमांनी आरोग्याच्या माहितीला संवेदनशील म्हणून जो वेगळा दर्जा दिला होता, तोही नव्या कायद्यात नाही. गर्भपात, क्षय, मनोविकार यांची नोंद आणि किराणा दुकानातील ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक एकाच तागडीत तोलले गेले आहेत.

दवाखान्यात करावयाच्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च नाही. पडद्याचे तोंड बाकावर बसलेल्या रुग्णांकडे नसावे. परवलीचा शब्द लिहिलेली चिठ्ठी पडद्याला चिकटवलेली नसावी आणि तो शब्द प्रत्येकाचा वेगळा असावा. मुख्य संगणक कुलूपबंद खोलीत, जमिनीपासून उंच असावा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरील किती दप्तरे गेली हे मुंबईकरांना सांगावयास नको. प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. दुरुस्तीला यंत्र जाण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी. मात्र ही यादी स्वागतकक्षातील अल्पवेतनी मुलीच्या हाती देऊन मालकाने मोकळे होऊ नये. गर्दी आवरणे, फोन घेणे, पैसे मोजणे आणि माहितीचे रक्षण करणे ही चार कामे एका खुर्चीवर लादली की चौथे कोलमडणारच, आणि चौकशीत नाव तिचेच पुढे येणार.

जिची कचेरीच नाही त्या आशा सेविकेचे काय, हा प्रश्न तर कोणी विचारलेलाही नाही. गरोदर बायकांच्या नोंदी ती मोबाइलमध्ये भरते. घरात तो फोन मुलांच्या हाती पडतो, बिघडला की बाजारातील टपरीवर उघडला जातो. तिला स्वतंत्र फोन, त्याच्या दुरुस्तीची सरकारी सोय आणि नोंदी ठेवण्याच्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. सरकारी रुग्णालयांतील संगणक चालविणाऱ्यांना कायम करणे, जुन्या डिस्क आवारातच साक्षीदारांसमोर फोडून त्यांची क्रमांकवार नोंद ठेवणे, आणि बाधित रुग्णाला भरपाई मागण्याचा हक्क कायद्यात परत आणणे, या मागण्या त्याच्या जोडीनेच मांडाव्या लागतील.