खोड चिरा, मग फवारा

राजापेठहून बडनेऱ्याच्या पुढे निघाले की ऑगस्टमध्ये हिरवेगार सोयाबीन दिसते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला पीक झकास वाटते. पण एखादे झाड उपटून उभे चिरले, तर आत लालसर, नागमोडी पोखरण सापडू शकते. हे काम खोडमाशीचे.

तिकडे परकी, इकडे घरची
जेमतेम दोन मिलिमीटरची ही काळी माशी आशियातली. गेल्या दशकात ती ब्राझील, पॅराग्वेच्या सोयाबीनमध्ये आढळली आणि तिथे परकी कीड म्हणून तिच्यावर संशोधन सुरू झाले. आपल्याकडे ती इतकी जुनी की तिचे कुणाला काही वाटत नाही.

नुकसान कसे होते?
मादी कोवळ्या पानात अंडी घालते. अळी शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते आणि गाभा खाते. रोपावस्थेत हल्ला झाला तर रोप वाळते. उशिरा झाला तर झाड हिरवेच राहते. शेंगा मात्र कमी लागतात. फटका कळतो तो थेट मळणीच्या वेळी.

फवारणी कुठे चुकते?
आपण पानाला पडलेली छिद्रे पाहून पंप पाठीवर घेतो. खोडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध फारसे पोहोचत नाही. पैसा जातो, कीड राहते. शिवाय २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. नको असलेली प्रत्येक फवारणी हा जिवाशी खेळ आहे.

मग करायचे काय?
- पेरणीपूर्वी थायामेथोक्झाम ३० एफएस, किलोमागे १० मिली, अशी बीजप्रक्रिया. क्रम : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. घरचे बियाणे असेल तर हे टाळूच नये.
- उगवणीनंतर दर आठवड्याला शेतात वेगवेगळ्या ठिकाणची झाडे चिरून पाहावीत. शंभरात दहा पोखरलेली निघाली, तरच शिफारशीतले औषध.

२००८ मध्ये पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भातले सोयाबीन फस्त केले, तेव्हा सरकार जागे झाले आणि २००९ पासून ‘क्रॉपसॅप’चे कीड सर्वेक्षण सुरू झाले. खोडमाशी असा गाजावाजा करीत नाही. म्हणूनच जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कृषी सहायकांनी गावोगावी, शेतकऱ्यांसमोर खोड चिरून दाखवावे. त्याला लागतो फक्त एक चाकू आणि बांधावर जायची तयारी.