समितीवर कोण, आणि इथे कोण

गोव्यात शिवोलीहून पूल ओलांडून चोपड्यात उतरलं की नव्या इमारती दिसू लागतात. पावसाळ्यात त्यांतल्या बऱ्याच खिडक्या बंद. 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली आणि या पेडणे तालुक्यात फ्लॅट घेणं दिल्ली-मुंबईवाल्यांना आणखी सोपं झालं. मालक तिकडे, आणि सोसायटीचा अध्यक्षही तिकडेच. जूनमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरतं, वॉचमन फोन लावतो, पलीकडून उत्तर येतं, "फोटो पाठव." फोटो जातो. पाणी तिथेच.

नियमाने हा अध्यक्ष पूर्ण पात्र आहे. सहकार कायद्याला समितीवर थकबाकीदार चालत नाही, आणि ते रास्तच. महाराष्ट्रात तर कायदा माणसाच्या घरात डोकावला. दोनपेक्षा जास्त मुलं म्हणून कांदिवलीच्या एका सोसायटीतल्या समिती सदस्याची अपात्रता मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कायम केली. मुलं किती ते मोजलं. राहता कुठे, हे कुणी विचारत नाही.

गोव्यात आणखी एक तऱ्हा. आमच्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. फ्लॅट विकायचा तर तिची सही लागतेच. पण सोसायटीच्या दफ्तरी बहुधा एकट्या नवऱ्याचं नाव. तो आखातात नोकरीला. ती इथे टँकर मागवते, सेप्टिक टँक उपसून घेते, रात्री वीज गेली की वीज खात्याला फोन लावत बसते. निवडणुकीला उभी राहायला गेली की ऐकवतात, "बाई, यादीत तुमचं नाव नाही." महाराष्ट्रात सदस्याने लेखी संमती दिली तर सहयोगी सदस्य असलेल्या बायकोला मत देता येतं. निम्मी मालकीण असलेल्या बाईला मुळात संमती मागावी लागावी, हेच मला पटत नाही.

दूरच्या मालकाला समितीवर बसू द्यावं, पैसे त्याचेही आहेत. पण सचिव आणि खजिनदार इथे राहणारेच हवेत. तसा उपविधी सर्वसाधारण सभेत मांडून निबंधकांकडे मंजुरीला पाठवावा. 'राहणारा' म्हणजे वर्षाचे किती महिने, यावर भांडण होणारच. मी आठ म्हणतो, आणि त्यात पावसाळ्याचे चारही आले पाहिजेत.