वळीव येण्याआधी नोड उघडा

ब्रॉडबँड अडखळतो अशी तक्रार आली की आपल्या केबलवाल्यांपैकी बरेच जण नोड उतरवून दुसरा चढवतात. नेट सुरू होते, ग्राहक शांत होतो आणि मूळ दोष अनेकदा आहे तिथेच राहतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन बंद पडले तर कारागीर आधी पंप पाहतो, मग नोझल. अख्खे इंजिन कोणी भंगारात घालत नाही. नोडलाही हाच न्याय लावायला हवा. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत रिसीव्हर, रिटर्न लेझर, फिल्टर आणि पॉवर सप्लाय ही वेगवेगळी मॉड्यूल असतात आणि प्रत्येकाचे दुखणे निराळे असते.

अ‍ॅनालॉगच्या काळात हे दुखणे पडद्यावर दिसायचे. सिग्नल उतरला की चित्रात मुंग्या यायच्या. केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती आणि त्यात कोल्हापूरही होते. आता चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम गोठते. रिसीव्हर मॉड्यूलचेही तसेच. फायबरवरचा प्रकाश १ डीबी कमी झाला तर आरएफ पातळी २ डीबी उतरते. पण एजीसी असेल तर ती ही घसरण झाकून ठेवते आणि तिची मर्यादा संपली की सगळेच कोसळते. म्हणून आरएफ ठीक दिसले तरी प्रकाश मोजाच. अनेक नोडवर त्यासाठी टेस्ट पॉइंट असतो. तिथे १ मिलिवॅटला किती व्होल्ट, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. आकडा उतरलेला असेल तर मॉड्यूल बदलण्याआधी हिरवा कनेक्टर पुसा.

माझा खरा आग्रह रिटर्नसाठी आहे, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. डाउनस्ट्रीममध्ये एका घरचा दोष बहुधा त्या घरापुरता राहतो. अपस्ट्रीममध्ये मात्र नोडखालच्या प्रत्येक घराचा, प्रत्येक सैल एफ कनेक्टरचा गोंगाट एकाच लेझरवर येऊन साचतो. सारख्याच गोंगाटाच्या शाखा दुप्पट झाल्या की तो ३ डीबीने वाढतो. ५ ते ६५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात खालचा भाग सर्वांत घाणेरडा: मोटारी, शॉर्टवेव्ह रेडिओ, निकृष्ट चार्जर, सगळे तिथेच शिरतात. एखादा जोराचा झटका लेझरला क्लिपिंगमध्ये ढकलतो, तेव्हा फक्त त्या फ्रिक्वेन्सीचे नव्हे, सगळ्याच अपस्ट्रीम चॅनेलचे नुकसान होते. मग मोडेम सुटतात, आपण लेझरला दोष देतो, नवा बसवतो आणि तोही तसाच वागतो. लेझरच्या इनपुटची पातळी जागेवर आहे का ते मोजा. नंतर नोडचा एकेक पोर्ट बंद करून गोंगाट कुठून चढतो ते शोधा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. ज्या घरात फक्त टीव्ही आहे, तिथे हाय-पास फिल्टर लावला तर निम्मे भांडण मिटते.

पॉवर सप्लायची गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. एप्रिल-मेच्या उन्हात त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात आणि वळवाच्या विजा उरलेले काम करतात. गॅस डिस्चार्ज ट्यूब आणि अर्थिंग आत्ताच तपासा. पुराचाही विचार करा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर नदी ५५ फुटांच्या पुढे गेली. पूरभागातला वीजपुरवठा बंद होतो आणि खांबावरचा कोरडा नोडही मरतो. लाइन पॉवर सप्लाय व बॅटऱ्या तळमजल्यावर असतील तर जूनपूर्वी वर हलवा.

डायप्लेक्स फिल्टरबद्दल एकच: नोडमध्ये ८५ मेगाहर्ट्‌झचा आणि पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६५ चा, अशी सरमिसळ करू नका. पुढे आपल्याकडे रिमोट फाय तंत्रज्ञान आले की अ‍ॅनालॉग रिटर्न लेझर जाईल आणि नोडपर्यंत डिजिटल इथरनेट येईल. घराघरांतून येणारा गोंगाट मात्र तेव्हाही तसाच राहील, त्यामुळे आजची साफसफाई वाया जाणार नाही.

प्रत्येक नोडची एक वही ठेवा: तारीख, प्रकाशाची पातळी, लेझरचे इनपुट, पॉवर सप्लायचे व्होल्टेज, बदललेले मॉड्यूल. सुटे मॉड्यूल घेताना नोडची बनावट आणि लेझरची तरंगलांबी जुळवूनच घ्या. पॉवर सप्लाय मात्र एकापेक्षा जास्त बाळगा, कारण पावसाळ्यात आधी तेच जातात.