आधी ‘पाथर्डी’ लिहून दाखवा!

एलईडी स्क्रीन विकणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं बघा. स्क्रीनवर बहुतेकदा काय असतं? रंगीत पोपट, बर्फाचे डोंगर, इंग्रजी शब्द. दिसतं भारी! पण नगरच्या दुकानदाराला पोपट दाखवायचा नसतो. दुकानाचं नाव मराठीत झळकवायचं असतं.

आणि खरी अडचण तिथंच आहे. दुकानांवर सर्रास दिसणाऱ्या पी-१० पाटीत दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर असतं. एका मॉड्यूलमध्ये आडवे ३२, उभे १६ ठिपके. इंग्रजी अक्षरं त्यात आरामात बसतात. ‘पाथर्डी’ लिहा, की रफार आणि वेलांटी एकमेकांत घुसलेच! ‘श्रीगोंदा’च्या अनुस्वाराचीही तीच गत.

म्हणून डिझाइन शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, फ्लेक्सची फाइल तशीच स्क्रीनवर ढकलू नका. अशा कंपनीचं पत्रक करायला मिळालं, तर पोपट काढा. जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची नावं खऱ्या ठिपक्यांत मांडा, त्याचाच फोटो छापा. किती लांबून वाचता येतं, तेही लिहा; पी-१० साठी निदान १० मीटर, हा साधा ठोकताळा. गिऱ्हाईक फसणार नाही, कंपनीवरचा विश्वासही वाढेल.

सॉफ्टवेअर काय, पुण्या-मुंबईच्या पोरांनाही येतं. ‘पाथर्डी’ नीट वाचता आली पाहिजे, हा हट्ट आपणच धरायचा.