साठीशांत आणि सेकिहान

शनिवार पेठेत साठीशांत म्हटली की सकाळी होम, औक्षण आणि दुपारी पंगत. आता एखाद्या घरची मुलं संध्याकाळी आईबाबांना उंची जपानी रेस्तराँतही नेतात. हा बेत मला मनापासून आवडतो, कारण साठी हा जपान्यांचाही सोहळा आहे. आपली प्रभव ते क्षय अशी 60 संवत्सरं. त्यांच्याही जुन्या पंचांगात 60 वर्षांचं चक्र. ते पुरं झालं की ‘कानरेकी’ होते, उत्सवमूर्तीला लाल बिनबाह्यांचं जाकीट घालतात. तांबड्या अझुकीच्या दाण्यांबरोबर चिकट तांदूळ वाफवून ‘सेकिहान’ रांधतात; दाण्यांच्या पाण्याने भाताला गुलाबी रंग चढतो. मंगलकार्याचा भात तो!

पेठेतल्या शाकाहारी घरांनी मात्र एक पाहावं. मिसो सूपमध्ये मासा दिसत नाही, पण त्याचं मूळ पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. नुसत्या कोंबू या समुद्रशेवाळाचंही दाशी होतं. आणि जेवताना सगळ्यांनीच एक पाळावं: चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत. तिकडे मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा खोचतात.

तेव्हा टेबल राखतानाच कोंबूच्या दाशीचं विचारा, आणि आईबाबांना खुशाल घेऊन जा.