खोकला गेला, जंतू गेले नाहीत

मागच्या महिन्यात आम्ही ओळखीच्या एका घरी गेलो होतो. घरातल्या भाभींना क्षयरोगाचे औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला थांबला, ताप गेला, वजन वाढले. "आता गोळ्या कशाला? रमजान तोंडावर आहे, बंदच करते," त्या म्हणाल्या. असे बोलणे आमच्या कानावर वारंवार येते, म्हणून या वेळी हाच विषय घेत आहोत.

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले की फेस येतो. रक्तातले 'कॅटालेज' त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करते, त्याचा तो फेस. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशीही जंतू गिळल्यावर त्याला मारण्यासाठी पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ तयार करतात. पुष्कळ जंतू त्यात मरतात. क्षयाच्या जंतूकडे मात्र 'कॅट-जी' नावाचे स्वतःचे कॅटालेज असते. ते या माऱ्याची धार बोथट करते.

१९५२ पासून वापरात असलेली आयसोनियाझिड ही गोळी नेमका याचाच फायदा घेते. जंतूच्या आत जाताना हे औषध निष्क्रिय असते. कॅट-जीच त्याला सक्रिय करते आणि मग ते जंतूचे मेणचट आवरण तयार होऊ देत नाही. म्हणजे जंतूची ढालच त्याच्या जिवावर उठते. पण लाखो जंतूंत एखाद्याच्या कॅट-जीमध्ये बदल झालेला असतो. त्याच्यात हे औषध सक्रिय होत नाही. तो वाचतो आणि त्याची पिलावळ वाढते. म्हणूनच सुरुवातीला एक नव्हे, चार औषधे एकत्र देतात. एकातून सुटलेला दुसऱ्यात सापडतो.

जंतूंची दुसरी युक्ती म्हणजे झोप. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पाहिले की, पेनिसिलिनने जवळजवळ सगळे जंतू मेले तरी मोजके उरतात. त्यांची पुढची पिढी मात्र पेनिसिलिनला पहिल्यासारखीच बळी पडते. म्हणजे ते औषधाला पुरून उरणारे नव्हते, नुसते सुस्त पडले होते. बरीच औषधे वाढणाऱ्या जंतूवर चांगली चालतात; निपचित पडलेला सुटतो. क्षयातही दोन महिन्यांत खोकला जातो, पण असे सुस्त जंतू मागे राहतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो तो यासाठी. मध्येच सोडला तर ते जागे होतात, आजार उलटतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू माजण्याची भीती वाढते. मग उपचार अधिक अवघड होतो, आणि खोकल्यावाटे तोच जंतू घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो.

राहिला रोजाचा प्रश्न. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. रोजा झेपेल का, गोळ्या कोणत्या वेळी घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी केंद्रांत क्षयाची औषधे मोफत मिळतात, तेव्हा खर्चापायी कोणी उपचार सोडू नये.

भाभींना आम्ही एवढेच सांगितले: बरे वाटणे वेगळे, बरे होणे वेगळे. आता त्यांचा धाकटा मुलगा रोज गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण करतो. अजून चार महिन्यांच्या खुणा बाकी आहेत.